गेमच्या डब्यावरचं टायपिंग

मला लिहायची सवय नाही. शिवाय जिच्याबद्दल लिहितोय ती मला फारशी माहीतही नव्हती. ती माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर ती खालच्या मजल्यावर आणि मी वर, एवढाच आमचा संबंध. ती मला दादा म्हणायची, डोक्यावरचा पदर मात्र शेवटपर्यंत सावरत राहिली. तिला काय आवडतं, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

ती इस्पितळाच्या धुलाईत होती. ओल्या चादरी यंत्रातून ओढून काढायच्या, पिळायच्या, गाड्यावर टाकायच्या. बोटांची पेरं सुजून गाजरासारखी झाली होती. इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसायची जागा निघणार होती. धुलाईतल्या बायकांनाही अर्ज करता येणार होता, फक्त टायपिंगची परीक्षा द्यावी लागणार होती.

"बसून काम, दादा," ती म्हणाली. "खुर्चीवर!" खुर्ची हा शब्द तिने पक्वान्नाचं नाव घ्यावं तसा घेतला.

कॉम्प्युटर घेणं झेपणारं नव्हतं. माळ्यावर तिच्या लेकीचा जुना, टीव्हीला जोडून खेळायचा गेमचा डबा पडला होता. लेक परगावी. फोनवर म्हणाली, "आई, भंगारात दे तो."

"भंगारात आधी माझा नंबर आहे," ती म्हणाली आणि डबा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेली. मीही सोबत गेलो.

त्यानं डब्यात टायपिंगचं एक कार्ड बसवलं, कीबोर्ड जोडला आणि तिला ताकीद दिली, "चालू करताना ही दोन बटणं दाबून धरायची, काकू. सोडलीत की हा खेळायला पळाला. धरून ठेवलीत तर कारकून."

"आमच्या ह्यांचंही असंच होतं," ती म्हणाली. दुरुस्तीवाला हसत सुटला. भावाबद्दल तिने केलेला तेवढा एकच विनोद मी ऐकला.

पडद्यासाठी माझा जुना टीव्ही खाली नेला. त्या टीव्हीची एक खोड होती. तो चित्राची डावी कड गिळायचा, त्यामुळे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर दिसायचंच नाही. चित्र लहान करून पाहिलं, तर अक्षरं मुंगीएवढी झाली. मग तिनेच युक्ती काढली. ओळ सुरू करताना आधी मोकळी जागा द्यायची, म्हणजे अक्षर आत सरकतं. कामावरून आली की पालथ्या टबावर बसायची, कीबोर्ड मांडीवर, आणि टकटक सुरू. मोकळी जागा, मग ओळ. मोकळी जागा, मग ओळ. वर मला ऐकू यायचं. मोकळ्या जागेचा, अंगठ्याचा ठोका जरा जड असायचा.

परीक्षा झाली. ती आली आणि चपला न काढताच दारात बसली.

"नापास."

"वेग कमी पडला का?"

"वेग होता. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चूक. तिथं पडदा चांगला होता हो, सगळं दिसत होतं. पण अंगठा ऐकेना." मग म्हणाली, "टीव्हीच्या तोंडातून अक्षरं वाचवत बसले आणि स्वतःच गेले त्याच्या पोटात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चादरी.

पुढच्या परीक्षेसाठी तिने ती सवय मोडायला घेतली. जागा न देता लिहायचं, पहिलं अक्षर दिसलं नाही तरी. मी नवा पडदा आणू का म्हणून विचारलं. "आता नको," म्हणाली. "ह्याच्यावर जमलं तर कुठंही जमेल." लिहिता लिहिता दमून ती तशीच डोळे मिटायची. डबा तापून घरघरत असायचा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती धुलाईतच कोसळली आणि पुन्हा उठली नाही. त्या दिवशी सकाळी कामावर निघण्याआधी ती टबावर बसली होती. तिने पाण्याची मोटर लावली का, ते विचारायला मी खाली गेलो होतो. तिने मान वळवली नाही. अंगठा कीबोर्डपासून वर धरला होता, चटका बसल्यासारखा.

"मोटर लावलीय, दादा. जाताना दार नीट ओढून घ्या. वाऱ्यानं वायर हलली की हा बंद पडतो, मग परत बटणं धरून बसा."

"ओढतो," मी म्हणालो.