विंचच्या हँडलवरची ओढणी

विंच मालगाडीतून उतरवला आणि माझी नजर त्याच्या हँडलवरच खिळली. हँडलला एक चिंधी गुंडाळलेली होती, ग्रीसनं काळीकुट्ट झालेली. ती मी ओळखली.

महायुद्धाच्या लढाईत मी नौदलात फिटर होतो. आमचं जहाज मुंबई बंदराबाहेर सुरुंग काढायचं. काम सांगायला सोपं. जहाजामागे कात्र्या लावलेला लांब पोलादी दोर सोडायचा. पाण्याखाली साखळीनं बांधलेल्या सुरुंगाची साखळी कापली की सुरुंग वर येतो, मग तो बंदुकीनं उडवायचा. हा दोर सोडणारं-ओढणारं वाफेचं यंत्र म्हणजे विंच. तो चालवायचा आमच्याच भागातल्या जानेफळचा करीम. हँडल तापायचं, म्हणून त्यानं त्याला अम्मीच्या ओढणीचा तुकडा गुंडाळला होता. एका सकाळी सुरुंग दोरात अडकून जहाजाच्या मागच्या टोकाशीच फुटला. करीम समुद्रात गेला तो गेलाच. जहाज लढाई संपेपर्यंत राबलं, मग भंगारात निघालं. तो तुकडा मात्र आमच्यातल्या कुणीही हँडलवरून काढला नाही.

परतल्यावर मी करीमच्या आईला, खैरूनबींना भेटलो. "त्याचं काही राह्यलं का रे, बाबू?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो; तो तुकडा जहाजाबरोबर भंगारात गेला होता. पोराची कबर नाही नि वस्तूही नाही, हे आईला सांगण्याइतकं वाईट काम मी नोकरीतही केलं नव्हतं.

आणि आता तोच विंच खामगावात, मी फिटर होतो त्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईच्या गाठी ओढायला आला होता. मी मालकांकडे गेलो.

"शेठ, जानेफळहून एका मायले आनतो. तोवर विंच तसाच राहू द्या."

"काऊन बे? हंगाम तोंडावर हाय."

"तिचा पोरगा याच विंचवर गेला."

"जा, घेऊन ये."

खैरूनबींना घेऊन आलो, तर विंच लखलखत होता. रॉकेलनं धुतलेला, वर हिरवा रंग. आमच्याकडे कुणी मशीन पाहायला येणार म्हटलं की ते घासून ठेवायची रीत. शामराव मिस्त्री हसत पुढे आला.

"मालक म्हनले, मायबाई पोराचं मशीन पाहाले येऊन राह्यल्या. मळकं कसं दाखवाव?"

"हँडलची चिंधी कुठं हाय?"

"ते? बॉयलरात टाकली."

त्याला शिव्याही देता येईनात. बिचाऱ्यानं सगळं जीव लावून केलं होतं.

खैरूनबींनी ऐकलं होतं. वाटभर मी त्यांना त्या तुकड्याबद्दलच सांगत आलो होतो. त्यांनी हँडलवर हात ठेवला.

"आता हे कोन चालवन?"

"मीच, मायबाई." शामरावची मान वर होईना.

त्यांनी अंगावरच्या ओढणीचा काठ फाडला आणि हँडलला घट्ट गुंडाळला. "चटका लागते, बाबू," त्या म्हणाल्या.

विंच पुढे चांगला चालला. त्या काठाला शामरावनं कधी रॉकेल लागू दिलं नाही. पण त्यावर करीमचा हात कधी पडला नव्हता, हे मला तो काठ दिसला की टोचायचं. तेव्हापासून जुनं मशीन आलं की पुसण्याआधी मी विचारतो, हे कुणाच्या हाताखालचं. बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं.