आधी घट्ट

मसोलीतला तो गुजराती मेकॅनिक आपल्याशी बोलतानाही गाडीकडेच बघतो. वीस वर्षांत त्याला घाई करताना मी पाहिलेलं नाही आणि मला तर सगळ्याचीच घाई.

यंदा बाबांची जुनी फियाट त्याच्याकडे नेली. आमच्या समुद्रकाठच्या चिखले गावच्या खाऱ्या हवेत मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट गंजून जाम झाला होता. तो आत तुटला, तर तिथला पत्राच फाटणार आणि गाडी भंगारात जाणार.

तीन दिवस त्याने बोल्ट नुसता तापवला, गरम असतानाच त्यावर मेणबत्ती घासून मेण आत मुरू दिलं, छोट्या हातोडीने टकटक केली आणि आवाज ऐकून मान हलवली. चौथ्या दिवशी मी घरून लांब पाइप घेऊन गेले.

“हा पान्याला अडकवा आणि लावा जोर.”

त्याने पाइप भिंतीला टेकवून ठेवला. “जोर माझ्याकडे पण आहे, बेन.”

मग पुन्हा टकटक करून कान दिला, पाना लावला आणि बोल्ट चक्क घट्ट करायच्या बाजूला फिरवला.

“अहो, उलटं फिरवताय!”

“आधी हलायला तर शिकू दे त्याला. बाजू मग सांगू.”

केसभर घट्ट, केसभर सैल. बारीक करकर झाली, तांबडी भुकटी गळली. अर्ध्या तासाने तो बाजूला सरकला.

“घ्या, आता तुम्ही काढा.”

मी दोन बोटांनी फिरवला, तसा बोल्ट अख्खा हातात आला. भिंतीला टेकलेल्या पाइपाकडे मी बघितलंच नाही.