टिकारामचा फ्रॅक्टस

टिकारामचा दिवस पहाटे चारला सुरू होई. बालाघाटजवळ, वैनगंगेच्या काठच्या वीटभट्टीवर, ऊन चढायच्या आत निम्म्या विटा पाडून व्हायला हव्यात. साचा दोन विटांचा. म्हणजे हजार विटांना पाचशे वेळा कंबर वाकवायची. मातीत पाणी जास्त झालं तर वीट बसते, कमी पडलं तर तडकते. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कच्ची वीट वाळून रचली, की मगच तिची मजुरी. त्याआधी भिजली तर पुन्हा चिखल, आणि घाम फुकट.

म्हणून ढगाचं एक चिरगूट दिसलं, तरी मुनीम राजेंद्रबाबू ओरडायचे, "झाका रे!" आठ माणसं साचे टाकून प्लास्टिकची पन्नी विटांवर ओढायची. अर्धा तास झाकायला, अर्धा तास काढायला. त्या तासाची मजुरी नाही. वर पन्नीखाली वीट वाळत नाही ते वेगळंच.

टिकारामने हे घरी सुनेजवळ काढलं. अपेक्षा शाळेत भूगोल शिकवते.

"मामाजी, त्या फाटक्या ढगाले फ्रॅक्टस म्हणतेत," ती म्हणाली. "लॅटिन शब्द हाय. तुटलेला. पण ते ढगाचं नाव नाही, नावाच्या मागं लावाचा शब्द हाय. क्युम्युलस फ्रॅक्टस, स्ट्रेटस फ्रॅक्टस. या दोघायलेच लागते."

"पाणी पाडते का?"

"निळ्या आभाळात एकटेच फिरत असले, तं नाही. पण वर काळा थर अन् त्याच्या खाली हे पळत असले, तं पाऊस आलाच समजा."

टिकारामने मुनीमाला यातलं पहिलं तेवढं सांगितलं. दुसरं सांगितलं असतं तर रोजचं ओरडणं सुरूच राहिलं असतं.

मुनीमाला शब्द फार आवडला. ट्रकवाल्यांना, गिऱ्हाइकांना, येईल त्याला वर बोट दाखवून ते सांगू लागले, "फ्रॅक्टस है. कुछ नहीं होता." पन्नी घडी करून खोलीत गेली, खोलीला कुलूप लागलं.

मग मे महिन्यातली एक दुपार. पश्चिमेकडे आभाळ पाटीसारखं काळं, आणि त्याच्याखाली ढगांची लक्तरं नदीवरून धावत निघालेली. तीन दिवसांच्या विटा उघड्या पडल्या होत्या.

"बाबू, चावी द्या. झाका लागते."

मुनीम खाटेवरून उठले नाहीत. "फ्रॅक्टस है. तूनेच बताया."

"हा दुसरा फ्रॅक्टस हाय."

"दूसरा? कल तक तो एकही था!"

बाकीचे सात जण हसले. तीन दिवसांत किती वेळा वाकलो, हे टिकारामच्या कंबरेला ठाऊक होतं. खोटेपणा कबूल करून आता उपयोग नव्हता. मुनीम वाद घालत बसले असते. त्याने इकडेतिकडे पाहिलं. मुनीमांच्या खोलीच्या गच्चीवर त्यांच्या बायकोने, मंजूबाईंनी, धोतरभर कुरड्या वाळत घातल्या होत्या.

"बरं, राहू द्या विटा," तो म्हणाला. "बाईसायबाच्या कुरड्या तेवढ्या उतरवू का?"

मुनीमांनी आभाळाकडे पाहिलं. मग गच्चीकडे. मग ताडकन उठून शिडीकडे पळाले.

"काहून पळता, बाबू? फ्रॅक्टस तं हाय!"

शिडीवरूनच चावी खाली आली, आणि तिच्यामागून एक शिवी.

इतकी भरभर पन्नी त्या भट्टीवर कधी पसरली नव्हती. तरी शेवटच्या ओळीतल्या चाळीस विटा भिजल्याच. त्या टिकारामने कोणाला न सांगता दुसऱ्या दिवशी नव्याने पाडल्या. अर्धंच सांगितल्याची सजा: वीस वेळा वाकणं. त्याच्या मते फार नव्हती.

त्या खेपेच्या मजुरीतून त्याने घरच्या न्हाणीला टिनाचा दरवाजा बसवला. तोवर तिथे त्याच्या बायकोची, शांताबाईची, जुनी साडी लटकत असे, वाऱ्याने उडणारी. दरवाज्याला आतून कडी. पहिल्या दिवशी टिकाराम कडी लावून जो आत बसला, तो पाऊण तास निघाला नाही. बाहेर शांताबाई बादली आपटत होती.