माहेरचे डोळे

मला समोरचं दिसतं. एवढं सांगितलं की लोक म्हणतात, मग झालं तर! अक्षर वाचता येतंय, तांदळातला खडा सापडतोय, अजून काय हवं? ताटातला भात दिसतो आणि शेजारची आमटीची वाटी दिसत नाही, हे त्यांना पटत नाही. वाटी शोधायला मान वळवावी लागते, दार शोधायला वळवावी लागते, शेजारी बसलेलं माणूस अजून बसलंय की उठून गेलं ते बघायलाही वळवावी लागते. संध्याकाळपर्यंत मी अगदी दमून जाते. डोळ्यांच्या रोगाने मान दुखते, हे माझ्याकडूनच ऐका.

रोगाचं नाव काचबिंदू. झाशीत सगळे काला मोतिया म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू सुकते आणि नजर कडेकडेने जायला लागते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. गेलेलं परत येत नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे ते उरलेलं राखायला.

माझ्या माहेरी हा रोग चांगला ओळखीचा होता. आमचं घराणं कधी काळी पूजाअर्चेसाठी महाराष्ट्रातून इथे आलेलं. आजोबांची नजर म्हातारपणी पार गेली होती. मी त्यांना पाहिलं ते भिंत चाचपत देवघराकडे जाताना. वडिलांनाही चाळिशीत तेच निघालं. तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं की हा आजार घरात उतरतो, पोराबाळांचे डोळे दर वर्षी दाखवत जा. वडील शिस्तीचे. त्यांनी ते थेट कुळाचारात बसवून टाकलं. पितृपक्षात आजोबांचं श्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दोन्ही भावांना टांग्यात घालून ते डॉक्टरांकडे न्यायचे.

मी घरीच. श्राद्धाच्या दिवशी आईच्या हाताखाली वड्यांचं पीठ, खीर, आमसुलाची चटणी, गच्चीवर कावळ्याचा घास, सगळ्याला मी लागायची. दुसऱ्या दिवशी भाऊ जिलेबी खाऊन परत यायचे, आणि मला राग यायचा तो जिलेबीचा. एकदा मी विचारलं, मी पण येऊ का? आई हसली. "तू कशाला गं? तुझं गोत्र बदलणार." वडिलांनीही मान डोलावली. श्राद्धाचा अधिकार मुलांना, वारसा मुलांना, तेव्हा रोगसुद्धा मुलांनाच. कन्यादानात पाणी सोडलं की मुलगी या घरच्या देण्याघेण्यातून सुटली, असा चोख हिशेब होता. रोगाला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

सासर मिळालं तेही झाशीतच, सीपरी बाजारात. नवरा रेल्वेच्या कचेरीत कारकून, स्वभावाने गरीब. माझं सगळं बरं चाललं होतं, फक्त चाळिशी उलटल्यावर मी वेंधळी झाले. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. कडेला ठेवलेला पेला हमखास सांडायचा. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, जरा देखके चल गं. हातपाय सांभाळता येत नाहीत का?" मला वाटायचं, खरंच येत नाहीत. वर्षानुवर्षं मी स्वतःला बावळट समजत राहिले, आणि त्या बावळटपणाची मला इतकी सवय झाली की सांडलं की फडकं आणायला मी आपोआप उठायची.

मध्ये एकदा चष्म्यासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी विचारलं, "घर में किसी को काला मोतिया?" मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याने सांगितलं, "नहीं जी, हमारे यहाँ किसी को नहीं." अगदी खरं सांगितलं बिचाऱ्याने. त्यांच्या घरात कुणालाच नव्हता. माझं घर आता तेच होतं, म्हणून मीही गप्प बसले. मला चष्मा मिळाला, आम्ही घरी आलो आणि मी भाजी चिरायला बसले.

मग काही वर्षांनी बाजारात डावीकडून आलेल्या स्कूटरचा मला धक्का बसला. स्कूटरवरचा पोरगा ओरडला, "अम्मा, दिखता नहीं क्या?" इतक्या वर्षांत नेमका प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. घरी येऊन मी एक डोळा झाकला आणि भिंतीकडे बघत उभी राहिले. कॅलेंडर दिसत होतं. त्याच्या शेजारचा देव्हारा दिसत नव्हता.

या वेळी डॉक्टर बाई होत्या, तरुण, बोलायला सडेतोड. त्यांनी आधी विचारलं, "अम्माजी, मायके में किसी को था?" मी म्हणाले, होता की, वडिलांना, आजोबांना, मोठ्या भावालाही निघालाय. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "और आपकी जाँच किसी ने नहीं करवाई?" मी त्यांना श्राद्धाचं आणि गोत्राचं सांगितलं. माझ्या तोंडून ते इतकं खुळ्यासारखं निघत होतं की शेवटी मीच थांबले. त्या म्हणाल्या, "गोत्र बदलता होगा, अम्माजी. खून थोड़े ही बदलता है."

मग त्यांनी समजावलं. आईबापांकडून जे उतरतं त्यात बारीकबारीक फरक असतात. एखाद्या घरात एकच मोठा फरक रोगाला पुरतो, पण बहुतेक ठिकाणी असे पुष्कळ लहान फरक मिळून धोका वाढवतात. कोणत्या मुलाच्या वाट्याला कोणते येतील याचा नेम नाही. मुलगा-मुलगी असा भेद ते करत नाहीत. कुणी सगळं घेऊनही सुटतं, कुणी अडकतं. म्हणून ज्याच्या आईबापांना किंवा भावंडांना हा रोग आहे त्याने डोळे दाखवत राहायचं, दुसरा उपाय नाही.

आमच्या घरी तसंच झालं होतं. धाकटा भाऊ सुटला. दादाचं वेळेवर सापडलं. तो थेंब घालतो आणि अजून स्कूटर चालवतो. माझं कळलं तेव्हा दादा भेटायला आला, खुर्चीच्या काठावर बसून म्हणाला, "अगं, आम्हाला कधी सुचलंच नाही." मला त्याचा फार राग आला. चहा दिला मी त्याला, पण राग आला. दर वर्षी माझ्या हातचे वडे खाऊन हे लोक डोळे दाखवायला जात होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण वडील केव्हाच गेले होते, आणि भांडायला लागणारा जोर माझ्यात उरला नव्हता.

उरली होती ती माझ्या मुलीची काळजी. ती झाशी जिल्ह्यातच, गरौठ्याला दिली आहे, जावई तहसीलच्या कचेरीत आहेत. मराठी तिला कळते सगळी, बोलते मात्र हिंदीच. फोनवर मी म्हणायची, डोळे दाखवून घे. ती म्हणायची, "हाँ मम्मी, अगले महीने." मग तिच्या मुलीची परीक्षा, सासूचा गुडघा, कुणाचं तरी लग्न. एकदा तर वैतागून म्हणाली, "मम्मी, वो आपके मायके की बीमारी है. मैं तो दो घर दूर हूँ." मी फोन ठेवला. माझ्या आईचंच बोलणं माझ्या लेकीच्या तोंडून, तेही हिंदीत.

शेवटी बसने मीच गेले. एकटीने बसमध्ये चढणं म्हणजे काय दिव्य असतं ते आता मला विचारा. पायरी दिसत नाही, शेजारचा दांडा दिसत नाही, आणि मागचे लोक "चलो अम्मा, चलो" करत ढकलतात. गरौठ्याला पोचले तेव्हा अंगात त्राण नव्हतं. मुलीने चहा आणला. ट्रे ठेवताना तिच्या कोपराने कडेचा पेला उडाला. विहीणबाई हसून म्हणाल्या, "हमारी बहू तो ऐसी ही है, हाथ-पाँव सँभलते ही नहीं." मुलगीही हसली आणि फडकं आणायला उठली.

मला हसू आलं नाही. मी जावयांना म्हणाले, कल छुट्टी लीजिए, झाँसी चलना है. कसली विनंती नाही, काही नाही. माझा आवाज तसा कधी चढत नाही, म्हणूनच असेल, जावयांनी तिथेच रजेचा अर्ज लिहायला घेतला.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टर बाईंकडे आम्ही तिघं बसलो. त्यांच्यासमोर गर्दी होती, त्यांनी मान वर न करताच विचारलं, "परिवार में किसी को काला मोतिया?" जावई भले माणूस आहेत. त्यांनी लगेच सांगायला सुरुवात केली, "नहीं जी, हमारे यहाँ..."

"है," मी म्हणाले. "मुझे है. इसके मामा को है. इसके नाना को था, उनके पिताजी को था." डॉक्टर बाईंनी मान वर केली, मला ओळखलं आणि मुलीला आत नेलं.

पेल्याचा आणि डोळ्यांचा काही संबंध निघाला नाही. ती आपली मुळातच धांदरट आहे. पण दाब वाढलेला होता, आणि उजव्या डोळ्याची नस सुकायला नुकती कुठे लागली होती. नजर पूर्ण शाबूत आहे, थेंब आजपासून सुरू करायचे, असं बाई म्हणाल्या. जावयांचा चेहरा उतरला. मला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली, कारण सापडलं होतं ते माझ्याकडूनच गेलेलं होतं. मी हात पुढे केला. तो तिच्या हातापर्यंत पोचला नाही, ती नेमकी कुठे बसली आहे ते मला दिसत नव्हतं.

तिनेच माझा हात धरला. रडेल असं मला वाटलं होतं, पण तिने डॉक्टर बाईंना विचारलं, "मेरी बेटी अभी छोटी है. उसे कब से लाना शुरू करूँ?"