रविवारखालच्या दोन रेघा

बोडिलचं कौतुक माझ्याकडून होणार नाही, हे आधीच सांगते. डेन्मार्कातल्या लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरच्या आमच्या या गावात ते करायला माणसं कमी नाहीत.

अकरा वर्षांपूर्वी हे वाचनमंडळ मी सुरू केलं. दर गुरुवारी दुपारी सभागृहात आम्ही सात-आठ जण जमायचो. विषय एकच, माणसाचं स्वातंत्र्य आणि खुला बाजार. सरकारने कुठे नाक खुपसावं नि कुठे नाही, यावर मी बोलायचे आणि बाकीचे ऐकायचे. प्रत्येक पुस्तक मी दोनदा वाचते. महत्त्वाच्या शब्दाखाली पट्टी ठेवून दोन रेघा मारते, शाळेपासूनची सवय आहे. दोन वर्षांपूर्वी बोडिल आली आणि आयत्या बिळावर नागोबा झाली. बाईसाहेब पुस्तक अर्धंच वाचून येतात, चष्मा घरी विसरतात. तरी निवृत्त मास्तर थोर्किल माझं बोलणं मध्येच तोडून विचारणार, "बोडिल, तुला काय वाटतं?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

तिच्याकडे सांगायला होतं, हे मान्य. बाप खाडीत वाम मासे पकडायचा. नवरा तिशीतच गेला आणि फेरीबोटीच्या धक्क्यावरची टपरी तिने एकतीस वर्षं एकटीने चालवली. आइस्क्रीम, तंबाखू, वर्तमानपत्रं. थंडीत कुणाची बोट चुकली की आत बोलावून कॉफी पाजायची. गावातलं किराणा दुकान माझ्या नवऱ्याचं, होल्गरचं. आमच्याकडे लोक यादी घेऊन यायचे नि सामान घेऊन जायचे. तिच्याकडे उभे राहून हसायचे. ते हसणं आमच्या गल्ल्यापर्यंत ऐकू यायचं.

त्या काळी शनिवारी दुपारी दोनला दुकानं बंद व्हायची, ती थेट सोमवारी उघडायची. कायदाच होता. टपरी उघडी ठेवता यायची, पण तिथे किराणा विकायचा नाही.

गेल्या ऑक्टोबरात चर्चेला विषय होता, कायदा नक्की कुणाला सांभाळतो. मी चार पानं टिपणं काढून नेली होती. ती तशीच राहिली, कारण बोडिलने गोष्ट काढली. त्र्याऐंशी सालचा रविवार, एका पोराचा वाढदिवस, आईकडे यीस्ट नाही. बोडिलने तिला टपरीतून यीस्ट नि मैद्याची पुडी विकली. कुणीतरी निनावी पत्र लिहून तक्रार केली. दंड झाला आणि उन्हाळाभर पोलिसांच्या चकरा. सांगताना ती हसत होती. थोर्किल मात्र लालबुंद झाला. असल्या चहाडखोराला आपण मंडळाची पायरीसुद्धा चढू देणार नाही, म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ते पत्र माझं होतं. होल्गर जाऊन सहा वर्षं झाली, मुलं कोपनहेगनला. गुरुवार गेला तर माझ्याकडे काय उरणार होतं?

पुढच्या गुरुवारी कॉफीची पाळी बोडिलची. आमच्याकडे एकीने दोन केक आणले की पुढची तीन आणते, मग चार, आणि वाचन राहतं बाजूला. म्हणून पहिल्याच वर्षी मी नियम केला होता, पाळी कुणाचीही असो, केक एकच. बोडिलने आणले तीन.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं. "दोन परत ने."

"अगं रिग्मोर, खुल्या बाजारवाल्यांची केकवर बंदी?"

सगळे खो खो हसले. माझं डोकं फिरलं. हे मी लेखी नोंदवणार, असं म्हणून मी वही काढली.

"पुन्हा लेखी?" ती हळूच म्हणाली.

मी वही मिटली. थोर्किलने विचारलं, पुन्हा म्हणजे काय. काही नाही रे, तू केक घे, बोडिल म्हणाली. मग माझ्या कपात कॉफी ओतायला वाकली. "पोलिसांनी पत्र दाखवलं होतं मला. 'रविवार'खाली पट्टीने दोन रेघा. इथे पहिल्याच दिवशी तुझं पुस्तक बघितलं न् ओळखलं."

दोन वर्षं ठाऊक होतं, आणि बाईने ब्र काढला नव्हता. आताही मला झाकत होती. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने झोपले असते. मोठेपणातही हिनेच वरचढ व्हावं, हे मला सोसेना. मी उभी राहिले.

"त्या रविवारची तक्रार मी केली होती," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तरी सगळे माझ्याकडे बघतील. माना वळल्या त्या तिच्याकडे.

थोर्किलने बशी खाली ठेवली. "बोडिल, तुला काय वाटतं?"

तिने तिन्ही केकचा एकेक तुकडा कापून माझ्या बशीत वाढला.

"तिला राहू दे," ती म्हणाली. "तो केकचा नियम तेवढा काढा."

मी तिन्ही तुकडे खाल्ले. मेले, चांगले झाले होते.