कूपवाल्या बाईंची सीट

कूपवाल्या बाईंनी आयुष्यात कोणाला ‘बसा’ म्हटलं नाही. धानोऱ्याच्या रस्त्यावर त्यांची आरागिरणी होती. तिच्या पडवीत एकच खुर्ची, आणि तिच्यावर बाई. जंगलाचा गार्ड येवो, सावली गावचा धानाचा व्यापारी येवो, की सोयरे लग्नाचं आमंत्रण घेऊन येवोत, सगळे उभे. एकदा एका म्हाताऱ्या सोयऱ्याने इकडेतिकडे पाहून सागाच्या ओंडक्यावर बूड टेकवलं. बाई म्हणाल्या, “उठा मामाजी, ते लाकूड विकाचं आहे.” म्हातारा उठला आणि उभ्यानेच चहा पिऊन गेला.

मी तिथे इंजिनवर मिस्त्री होतो. आरा चालवायचं तेलाचं इंजिन, दिव्यांचा डायनॅमो आणि जे काही बिघडेल ते सगळं माझ्याकडे. बाईंची जीभ आऱ्यापेक्षा धारदार होती, आणि आरा निदान संध्याकाळी बंद व्हायचा. तरी मला बाई आवडायच्या. का, ते बायकोलाही कधी धड सांगता आलं नाही. ती म्हणायची, तुम्हाला शिव्या खायची सवय झाली आहे, दुसरं काही नाही.

जंगलतोडीसाठी सरकार जंगलाचे जे तुकडे लिलावात देतं, त्यांना कूप म्हणतात. मालक, म्हणजे बाईंचे यजमान, मोठे कूप घेणारे ठेकेदार. सहा फुटांवर उंची. देवाकडून ती देताना बाकीचं द्यायचं राहून गेलं असावं. आमचा चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, त्या सुमारास मालकांनी मुंबईहून एक लाल, उघडी, दोनच माणसांची स्पोर्ट गाडी आणली. आमचे रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. गाडीचं पोट जागोजाग घासायचं आणि तिच्याखाली शिरायचं नशीब माझं. पण त्या गाडीची खरी करामत तिच्या सीटमध्ये होती. चालवणाऱ्याच्या सीटखाली विजेची मोटर, आणि समोर आकड्यांची एक चकती. चकतीवर आपला आकडा लावून ठेवायचा. चावी फिरवली की सीट आपोआप सरकत त्या आकड्यावर जाऊन थांबायची. चावी बंद केली की पार मागे जायची, म्हणजे उतरायला ऐसपैस जागा. “ही सीट लक्षात ठेवते,” मालक आम्हाला ऐकवायचे, “तुमच्यासारखी बिनडोक नाही.”

चकतीला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, बाईंना तर नाहीच. बाई ठेंगण्या, मालकांच्या छातीलाही लागत नसत. मालकांनी त्यांना गाडी शिकवली ती शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी. सीट मालकांच्या आकड्यावरच राहायची आणि बाईंच्या पाठीशी उशा कोंबायच्या. एकदा पाठीमागची उशी घसरली, ब्रेकवरचा पाय सुटला आणि गाडी मोहाच्या झाडाला लागली. गाडीला खरचटलंही नाही. पण त्या दिवशी पाहुणे जेवून उठेपर्यंत मालकांनी बाईंना टेबलाशेजारी उभं ठेवलं. मी अंगणातून ते पाहिलं. पुढे पडवीत ती एकुलती एक खुर्ची पाहून लोक कुजबुजायचे, तेव्हा मला त्या लोकांचाच राग यायचा.

मालक पावसाळ्यात तापाने गेले. तेरवीच्या आधी मी बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करायला गेलो. बाहेर उभ्यानेच चावी फिरवली. रिकामी सीट गुणगुणत पुढे आली आणि मालकांच्या आकड्यावर येऊन थांबली. पडवीतून स्वयंपाकीण भागरथाबाई ओरडली, “मालक बसले वो, मालक बसले!” आणि रडत जी सुटली ती थेट आपल्या घरी. बाईंच्या हातातून अडकित्ता गळून पडला. मग मला म्हणाल्या, “मेले ते मेले. तू काऊन तोंड वासून उभा आहेस?”

बॅटरी भरावी म्हणून गाडी तशीच चालू ठेवून मी इंजिनघरात गेलो. आऱ्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नसे. काही वेळाने येऊन चावी बंद केली, तर सीट मागे जाईना. चकती फिरवून पाहिली, पुढेही येईना. मालकांच्या आकड्यावरच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. तेल उडालं म्हणाल्या.

तेरवीला बाईंचे दीर आले. तेही भावासारखेच उंच, फक्त भाऊ तोंडावर बोलायचा आणि हे पाठीमागे. पंगत बसली होती, कोणीतरी मालकांच्या आठवणी काढत होतं, तर बाई म्हणाल्या, “भात गार होऊन राह्यला. आधी वाढा, मंग रडा.” दीर ते ऐकून हसले. पुढच्या लिलावात ठेका आपण बोलणार, वहिनींनी घरात बसावं, असं त्यांनी पंगतीतच जाहीर केलं. ट्रक आणि ड्रायव्हर त्यांच्या मुठीत होते. बाई म्हणाल्या, “लिलावाले मी येतो. त्याहीच्याच गाडीत येतो.”

“भावाच्या जागेवर बसून, उशी न लावता गाडी आणा वहिनी,” दीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पाय पुरले तं कूप तुमचे. मी बोली लावत नाई. अन् नाई पुरले तं गिरणी माही.”

सगळी पंगत हसली. बाई हसल्या नाहीत. “चार लोकाइसमोर बोलले, भाऊजी,” एवढंच म्हणाल्या आणि ताटात पाणी सोडून उठल्या.

गिरणी गेली तर बाईंना माहेरही नव्हतं. दिराच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहायचं, एवढीच जागा उरली असती. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला बोलावलं. “मिस्त्री, मालकाले त्या जागेवरून उठव.”

मी बॅटरी पाहिली. फ्यूज पाहिले. चकतीमागच्या तारा एकेक सोडवून घासून पुन्हा जोडल्या, आणि एक तार उलटी जोडून गाडीचा भोंगा वाजता ठेवला. बाई पडवीतून म्हणाल्या, “सीट बसली ते बसली, आता गाडी बोंबलून बी राह्यली.” मी ती तार नीट केली. चकती फिरवली की मोटर गुणगुणत होती, म्हणजे वीज पोचत होती. सीटच कुठेतरी अडकली होती. लिलावाच्या आदल्या दिवशी मी बोल्ट काढून सीट उचलली आणि आत पाहिलं.

सीट ज्या पट्टीवरून सरकते त्या पट्टीत एक जाडजूड खिळा ठोकलेला होता. त्याला काळा दोरा गुंडाळलेला, आणि खिळ्याखाली चेचलेले दोन-तीन बिब्बे. आमच्याकडे मेलेला माणूस परत येऊ नये म्हणून असा खिळा उंबऱ्यात ठोकतात. इथे मालक परत येऊ नयेत म्हणून कोणीतरी तो सीटखाली ठोकला होता, आणि मालकांना त्याच जागेवर कायमचं खिळून ठेवलं होतं. मला हसू आवरेना.

बाईंनी खिळा पाहिला आणि मान न वळवता हाक मारली, “भागरथे! तुहं काम हे. नीघ घरातून.” भागरथाबाई गयावया करू लागली, मायची आण घेऊ लागली. बाईंनी तिचं गाठोडं अंगणात फेकलं.

मी खिळा उपटला. बिब्ब्याचं तेल बोटांना लागलं आणि संध्याकाळपर्यंत बोटांवर टरारून फोड आले. बिब्बा असाच, हात लावणाऱ्याला सोडत नाही. भागरथाबाईचे हात मात्र स्वच्छ होते. शिवाय ती तर त्या दिवशी रडत घरी पळाली होती. मग मला बाईंचा फडकं गुंडाळलेला हात आठवला. ज्या बाईला आम्ही सगळे भ्यायचो, ती त्या दिवशी एकटी, हातोडा घेऊन, रिकाम्या सीटला भ्याली होती.

पट्टी कानशीने घासली, वंगण लावलं, सीट बसवली. बाई आत बसल्या. त्यांनी स्वतःच्या हाताने चकतीवर पहिला आकडा लावला. सीट त्यांना घेऊन पुढे आली, आणि त्यांचे दोन्ही पाय ब्रेकवर नीट टेकले. बाई पायांकडे बघतच राहिल्या. संध्याकाळी भागरथाबाईला परत बोलावणं गेलं. माफी वगैरे काही नाही. “भात कोण रांधन, माहा बाप?” एवढाच निरोप.

लिलावाला बाईंनी मला सोबत घेतलं. वाटेत सीट पुन्हा अडकली तर कोण पाहणार? शेजारची जागा रिकामी होती, पण ‘बस’ म्हणतील तर त्या बाई कसल्या. “घूस आतमंदी,” म्हणाल्या. त्या फडकं गुंडाळलेल्या हाताने बाईंनी धानोऱ्याच्या रस्त्यावरून गडचिरोलीपर्यंत गाडी आणली. प्रत्येक खड्ड्याला मालकांच्या नावाने एक शिवी दिली आणि खड्डे पुष्कळ होते.

लिलावाच्या आवारात ठेकेदारांचा घोळका जमला होता. दीर पुढे आले. गाडी पाहून त्यांचा चेहरा उतरला, तरी ते हसत म्हणाले, “उशी असनच. पाहू द्या.” आणि चारचौघांत त्यांनी बाईंच्या पाठीमागे, सीट आणि पत्र्यामधल्या फटीत हात घालून चाचपायला सुरुवात केली. मला लाजेने मान वर करवेना. बाईंनी मात्र शांतपणे चावी बंद केली.

सीट बाईंना घेऊन पार मागे गेली आणि दिरांची बोटं तिच्यामागे सापडली. दीर असे ओरडले की झाडावरचे कावळे उडाले. मी चावीकडे हात नेला, तर बाईंनी माझ्या हातावर फटका मारला. “काय भाऊजी,” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “सापडली काय उशी?”

“चावी, वहिनी! चावी फिरवा!”

“कूप कोणाचे?”

दीर दात खाऊन उभे राहिले. बाईंनी पदर नीट केला, समोरच्या चिंचेकडे बघितलं, घाई अशी काहीच केली नाही.

“तुमचे! तुमचे, वहिनी!”

“या सर्वाइले ऐकू नाई आलं.”

त्यांनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं, तेव्हा बाईंनी चावी फिरवली. दिरांची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. ते वाईट झालं असं मला म्हणायला हवं, पण मला वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मला वाटलं होतं, आता बाई शाबासकी देतील. गिरणीच्या फाटकाशी गाडी थांबवून त्या म्हणाल्या, “उद्यापासून येऊ नको.” मी का म्हणून विचारलं. त्यांनी हातावरचं फडकं सोडलं. तळव्यावर बिब्ब्याचे फोड वाळून काळे पडले होते. माझ्या बोटांवरच्या तशाच फोडांकडे बघून “तुले हे समजलं,” म्हणाल्या. “मी भ्यालो, हे ज्याले ठाऊक आहे तो माणूस मले इथी नको.” मी कोणाला सांगणार नाही म्हटलं. “तू नाई सांगनार. पन तू माह्याकडे पाहशीन,” बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. मी चांद्याला एका कारखान्यात लागलो. कित्येक दिवस माझा राग गेला नाही. बाईंनी कूप पुष्कळ वर्षं चालवले आणि ठेकेदार त्यांच्यासमोर उभेच राहिले.

बाई गेल्याचं मला दिरांच्या निरोपानेच कळलं. मूलबाळ नव्हतं, गिरणी आणि गाडी दिरांकडे आली होती. सीट हलत नाही, येऊन पाहून जा, असा निरोप होता. मी गेलो. दीर गाडीत बसलेले होते. सीट पार पुढे, बाईंच्या आकड्यावर. त्यांचे गुडघे हनुवटीला लागले होते आणि स्टिअरिंग पोटात रुतलं होतं.

मी त्यांना उतरवून खाली वाकलो. पट्टीत जाडजूड खिळा होता. काळा दोरा, चेचलेले बिब्बे, सगळं तसंच. फक्त या वेळी ठोकणारीला खिळ्याने काय होतं ते पक्कं माहीत होतं.

पडवीतून भागरथाबाई माझ्याकडे बघत होती. खूप म्हातारी झाली होती. दिरांची पाठ वळली तशी हळूच जवळ येऊन म्हणाली, “अंगात ताप होता, मिस्त्रीभाऊ. उठता येत नोहतं. तरी हातोडा मांगून घेतला. हातावर फोड घेऊनच गेली बाई.”

मला डोळे पुसायचे होते, पण हाताला बिब्बा लागला होता. मी तसाच उठलो.

“काय झालं?” दिरांनी विचारलं.

“मोटर जळाली,” मी म्हटलं. “हिचा पार्ट आता मिळत नाही.”

“मंग आता?”

“बसायचं असेल तर असंच बसावं लागेल, मालक.”