शेवटच्या कडव्यातलं नाव

लातूरला ट्युशनसाठी राहायला गेलो आणि डॉक्टर व्हायचं सोडून रॅपर झालो. माझ्यासारखे आणखी चौघे होते. पाचही जणांचा मेसचा डबा वेळेवर यायचा, पण गाण्यात आम्ही सगळे उपाशी. ज्याच्या बापाचं मेडिकलचं दुकान, तो फूटपाथवर वाढलेला. ज्याचा बाप तलाठी, त्याच्या गल्लीत रोज गोळीबार. त्यानं आयुष्यात बंदूक पाहिली ती दिवाळीतली, टिकल्यांची.

आमची दैवतं मोबाइलमध्ये राहायची. कुणी मुंबईच्या झोपडपट्टीतलं, कुणी अमेरिकेतलं. त्यांनी आपापली गोष्ट सांगितली होती. आम्ही अकलेचे कांदे, त्यांचीच गोष्ट आपली म्हणून सांगत सुटलो.

माझ्या घरी गोष्टीची वानवा नव्हती. भोकरजवळच्या आमच्या गावात वडील शाळेत शिपाई, आणि गायन पार्टीत पेटी वाजवून गाणारे. दर चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांचं दारूबंदीचं गाणं ठरलेलं. ते ऐकून गावातल्या दोघा-तिघांनी खरोखर बाटली सोडली होती. मला ही गोष्टच वाटली नाही. शिपायाच्या पेटीवर कोण मान डोलावणार? म्हणून मी गाण्यात दारुडा बाप आणला. तो आईला चुलीतल्या लाकडानं मारतो, पोरगं दाराआडून बघतं. यमकं झकास जुळली.

इथवर नुसता खोटेपणा होता. पुढं मी शहाणपणा केला. वडिलांच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं आणि गावाचं नाव येतंच, ती रीतच आहे. आपल्या मातीचं काहीतरी हवं म्हणून मीही शेवटच्या ओळीत गाव घातलं आणि 'अमक्याचा पोरगा' म्हणून वडिलांचं नाव घातलं. आपण वडिलांना मान दिला, असं मला मनापासून वाटलं. इतका मी मूर्ख होतो.

गाणं नेटवर टाकलं आणि त्या वर्षीच्या जयंतीला गावी आलो. गावाचं नाव आलं म्हणून मिरवणुकीत पोरांनी ते डीजेवर तीनदा लावलं. वडील पीत नाहीत हे गावाला माहीत होतं. पण बंद दाराआडचं पोरालाच ठाऊक, असं लोकांनी धरलं. संध्याकाळी वडील स्टेजवर बसले, पेटी पुढं ओढली आणि दारूबंदीचं गाणं सुरू केलं. खालून कुणीतरी म्हणालं, "पेटीमास्तर, आधी घरचं बघा." लोक हसले. वडिलांनी भाता मिटला आणि खाली उतरले.

घरी मी म्हणालो, "बाबा, ते नुसतं गाणं हाय. रॅपमधी असंच करतेत."

"गाण्यात मी बी लई खोटं घातलंय," ते म्हणाले. "पण शेवटच्या कडव्यातलं नाव म्हंजे सही हाय. खोट्याखाली दुसऱ्याची सही करत नसतेत."

मी गाणं काढून टाकलं. तोवर ते गावभर मोबाइलमध्ये जाऊन बसलं होतं. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर किती जणांनी ऐकलं हेही मी मोजत होतो.

चार दिवसांनी आई नळावरून आली. तिनं घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "नळावर बाया माझी बाही वर सारून बघून राहिल्या. वळ हायत का म्हणून."

वडील तिथंच बसले होते.